रोजच्या २४ किलोमीटरसाठी साध्या सायकलला मोटर बसवायची आहे: सुरुवात कुठून करावी?

रोजचा सायकलस्वार

नमस्कार. गेली दोन वर्षे मी कामावर साध्या सायकलने जातो. अंतर एका बाजूने १२ किलोमीटर आहे. रस्ता बहुतेक सपाट असला तरी वाटेत दहाएक सिग्नल आहेत आणि जाताना अगदी शेवटी सुमारे ८०० मीटरचा चढ आहे. त्या चढाने सगळी गणिते बिघडतात. पोहोचतो तेव्हा सदरा पाठीला चिकटलेला असतो आणि पुढचा अर्धा तास पंख्याखाली जातो, त्यामुळे हल्ली आठवड्यातले दोन-तीन दिवसच सायकल बाहेर निघते. सायकल मला आवडते, ती बदलायची नाही. म्हणून तिलाच मोटर बसवावी असा विचार पक्का होत चालला आहे.

सायकलचा तपशील असा. सांगाडा अ‍ॅल्युमिनियमचा, चाके ७०० सी, पुढे स्प्रिंगचा चिमटा, दोन्हीकडे व्ही-ब्रेक, मागे आट्यांवर बसणारे सात गिअरचे फ्रीव्हील. सायकलचे वजन १५ किलो, माझे ७२ आणि पाठीवरच्या पिशवीचे ५.

मी मनाशी ठरवलेला संच म्हणजे पुढच्या चाकातली ५०० वॅटची ४८ व्होल्ट मोटर, मागच्या कॅरियरवर बॅटरी आणि हँडलवर अंगठ्याने दाबायचा थ्रॉटल. पुढचे चाक निवडण्याचे कारण एवढेच की ते काढणे-घालणे सोपे आहे आणि मागच्या गिअरना हात लावावा लागत नाही. झाळकाम आणि मल्टिमीटर यांची मला सवय आहे, पण क्रँक, म्हणजे पायडल बसतात तो दांडा, मी आजवर कधी उघडलेला नाही. ५०० वॅट पुरतील का, बॅटरी किती मोठी घ्यावी, आणि या आराखड्यात मला न दिसलेली चूक कोणती, हे अनुभवी मंडळींनी सांगितल्यास पैसे खर्च करण्याआधीच शहाणपण येईल.

वॅटमीटर

तुमच्या प्रश्नाची मांडणी चांगली आहे, पण क्रम उलटा आहे. मोटरवर छापलेल्या वॅटच्या आकड्यापासून सुरुवात केली की माणूस हमखास गरजेपेक्षा मोठी मोटर आणि गरजेपेक्षा लहान बॅटरी घेतो. आधी रस्ता किती शक्ती मागतो ते पाहू.

संचाचे सातएक किलो धरले तर एकूण वजन जवळजवळ १०० किलो होते, म्हणजे हिशेबाला सोयीचे. सपाट रस्त्यावर सरळ बसून २५ किलोमीटर वेगाने जाताना टायरच्या घर्षणाला सुमारे ५५ वॅट आणि हवेला सुमारे १२० वॅट लागतात, बेरीज १७५. वेग २० वर आणला तर तीच बेरीज १०५ पर्यंत उतरते आणि ३० वर नेला तर २७५ च्या घरात जाते, कारण हवेला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. समोरून ताशी १५ किलोमीटरचा वारा असेल तर २५ च्या वेगाला एकट्या हवेसाठीच ३०० वॅट द्यावे लागतात. चढ सगळ्यांना दिसतो, वारा मात्र हिशेबात कोणी धरत नाही.

आता तुमचा चढ. तो ६ टक्क्यांचा आहे असे समजू. १५ किलोमीटर वेगाने चढताना गुरुत्वाकर्षणासाठी साधारण २४५ वॅट, घर्षण आणि हवा मिळून आणखी ६०, म्हणजे सगळे मिळून ३०५ वॅट लागतात. तुम्ही घाम न गाळता १०० वॅट देऊ शकता असे मानले तर मोटरच्या वाट्याला २०० वॅट येतात आणि तेही जेमतेम सव्वातीन मिनिटे. '२५० वॅट' असे छापलेली साधी गिअरवाली हब मोटर, म्हणजे चाकाच्या मध्यात बसणारी मोटर, हे काम सहज करते, कारण तो आकडा सतत चालण्याचा असतो. ३६ व्होल्टवर १५ अँपिअरचा कंट्रोलर, म्हणजे मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारा डबा, बॅटरीतून ५४० वॅट ओढू शकतो. चढावर मोटरची कार्यक्षमता साठ टक्क्यांवर घसरली असे धरले तरी चाकापर्यंत सव्वातीनशे वॅट पोहोचतात.

यात एक मेख आहे. हब मोटरला स्वतःचा एकच गिअर असतो. ती ज्या वेगासाठी गुंडाळलेली आहे त्या वेगाच्या जवळ फिरत असेल तेव्हाच ती विजेचे चीज करते. वेग निम्म्याखाली गेला की आत जाणाऱ्या विजेचा मोठा भाग नुसता तारांच्या वेटोळ्याला तापवतो. म्हणून केवळ वॅट पाहून मोटर घेऊ नये, फेरेही पाहावेत. ३६ व्होल्टवर मिनिटाला दोनशे-सव्वादोनशे फेरे घेणारी मोटर तुमच्या चाकात साधारण २५ ते २८ किलोमीटर वेग देईल आणि चढावर १५ च्या वेगालाही अगदीच दमछाक होणार नाही. हीच मोटर ४८ व्होल्टवर चालवली तर फेरे एक तृतीयांशाने वाढतात, पण त्या वाढीव वेगाचा तुम्हाला सिग्नल ते सिग्नल काही उपयोग नाही. शिवाय युरोपीय संघासह अनेक ठिकाणी सायकल म्हणून गणली जाण्यासाठी २५० वॅट सतत शक्ती आणि २५ किलोमीटरला मदत थांबणे अशी मर्यादा आहे, तर अमेरिकेत बऱ्याच भागांत ती ७५० वॅटपर्यंत सैल आहे. थ्रॉटलबाबतचे नियमही जागोजागी वेगळे असतात. मागणी नोंदवण्याआधी आपल्याकडचा नियम वाचून घ्यावा; ५०० वॅट छापलेली मोटर नंतर २५० ची होत नाही.

बॅटरीचा हिशेब वॅट-तासांत करावा, व्होल्ट किंवा अँपिअर-तास सुटे सुटे पाहू नयेत. पायडल मारत गेल्यास किलोमीटरला ७-८ वॅट-तास लागतात आणि वाऱ्याच्या किंवा आळसाच्या दिवशी १२. दर सिग्नलला थांबून १०० किलो वजन पुन्हा २५ च्या वेगाला आणण्यात सुमारे पाऊण वॅट-तासाची गतिज ऊर्जा जाते, मोटरमधली गळती धरून एक म्हणा. जाताना-येताना मिळून वीस थांबे म्हणजे वीस वॅट-तास. (चालत्या गाडीतून ब्रेक लावताना वीज परत मिळवण्याचे जे गोडवे गायले जातात, ते या वीस वॅट-तासांतल्या थोड्याशा भागाबद्दल असतात. त्यासाठी दुप्पट वजनाची, विनागिअर मोटर वागवण्यात अर्थ नाही.) वाईट दिवस धरून २४ किलोमीटरना २८८ वॅट-तास होतात. ३६ व्होल्ट, १३ अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे ४६८ वॅट-तास. त्यातले ८० टक्केच वापरायचे ठरवले तर ३७४, आणि काही वर्षांनी क्षमता ८० टक्क्यांवर आली की तेच ३००. म्हणजे म्हाताऱ्या बॅटरीवर, वाऱ्याच्या दिवशी, तुम्ही जेमतेम घरी पोहोचाल. बॅटरी नेमकी एवढीच मोठी असावी. १० अँपिअर-तासांची घेतलीत तर पहिले वर्ष मजेत जाईल आणि पुढे काटा पाहत सायकल चालवावी लागेल.

आऊट काढणारा

वरचे गणित मला मान्य आहे, मी सायकलच्या बाजूने बोलतो. पुढच्या चाकात मोटर आणि तीही स्प्रिंगच्या चिमट्यात, हा बेत कृपया सोडून द्या.

मोटर चाकाला पुढे ढकलते तेव्हा तितक्याच जोराने स्वतःचा एक्सल मागे फिरवू पाहते. एक्सल फिरू नये म्हणून त्याच्या दोन बाजू तासून सपाट केलेल्या असतात आणि त्या सपाट बाजू ड्रॉपआउटच्या, म्हणजे सांगाड्याच्या किंवा चिमट्याच्या ज्या टोकांत चाक बसते त्यांच्या, खाचेत अडकतात. खाच १० मिलिमीटरची असते. ४० न्यूटन-मीटर जोराची मोटर घेतली तर त्या दहा मिलिमीटरच्या ओठांवर दोन्ही बाजूंना मिळून सुमारे ४,००० न्यूटन, म्हणजे चारशे किलो वजनाइतका दाब येतो. स्प्रिंगच्या चिमट्याचे खालचे पाय ओतीव हलक्या धातूचे असतात. ते वाकून इशारा देत नाहीत, थेट तुटतात. माझ्या पहिल्या सायकलवर मी हेच केले होते. तिसऱ्या आठवड्यात सिग्नल सुटल्यावर 'खट' असा आवाज झाला, एक्सल खाचेतल्या खाचेत गरकन फिरला आणि मोटरची तार त्याच्याभोवती दोऱ्यासारखी गुंडाळली जाऊन तुटली. चाक बाहेर आले नाही ते केवळ वेग चालण्याइतका होता म्हणून. नंतर पाहिले तर डाव्या ओठाचा नखाएवढा तुकडा उडालेला होता आणि तुटलेल्या कडेचा अर्धा भाग काळपट होता, म्हणजे तडा आधीपासूनच होता आणि मी रोज त्याच्यावरून जात होतो.

तुमच्यासाठी मागचे चाक योग्य. मागच्या ड्रॉपआउटमधले अंतर मोजून घ्या. आतल्या बाजूपासून आतल्या बाजूपर्यंत १३५ मिलिमीटर असेल तर बहुतेक मागच्या हब मोटरी बसतात. जुन्या रस्ता-सायकलींचे १२६ किंवा १३० असते. पोलादी सांगाडा जपून थोडा फाकवता येतो, अ‍ॅल्युमिनियमचा फाकवायचा नसतो. तुमचे फ्रीव्हील आट्यांवर बसणारे आहे हे सोयीचेच, कारण तसेच आटे असलेल्या मोटरी सर्रास मिळतात आणि तुमचे सात गिअर जसेच्या तसे तिकडे जातात. फक्त ते काढायला त्याच्या खाचांचे खास साधन लागते. साधन शिकंज्यात घट्ट धरून त्यावर चाक ठेवावे आणि दोन्ही हातांनी टायर धरून चाकच डावीकडे फिरवावे. दोन वर्षे पायांनी आवळलेले फ्रीव्हील नुसत्या पान्याला दाद देत नाही.

मागच्या चाकालाही टॉर्क आर्म लावाच, शक्यतो दोन्ही बाजूंना. पोलादाची ही पट्टी एक्सलच्या सपाट बाजूंना पकडते आणि दहाएक सेंटिमीटर अंतरावर सांगाड्याला बांधली जाते, त्यामुळे तोच जोर दहापट लांब दांड्यावर येऊन चारशे न्यूटनवर उतरतो. ती एक्सलवर हाताने ढकलल्यावर थोडी अडत बसली पाहिजे. खुळखुळणारी पट्टी असून नसल्यासारखीच, कारण एक्सलला फिरायला जागा मिळाली की रोज थोडे थोडे कुरतडणे सुरू होते.

आणखी एक, चाक तयार विणलेले आले तरी त्यावर विसंबू नका. संचांमध्ये बऱ्याचदा चाकाला १२ गेजच्या जाड तारा (स्पोक) घातलेल्या असतात आणि जाड तार मजबूत असणार असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात जाड तार ताणली जात नाही, ती सैल पडते आणि सैल तारच मानेशी तुटते. १३ गेज, म्हणजे २.३ मिलिमीटरची तार बरी. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर चाकाचा आऊट, म्हणजे डगमग, काढून सगळ्या तारा पुन्हा एकसारख्या ताणून घ्या. बोटाने छेडल्यावर एका बाजूच्या तारांचा सूर जवळपास सारखा लागला पाहिजे. हे एकदा केले की पुढे वर्षभर चाक त्रास देत नाही. न केले तर महिन्याला एक तार तुटते आणि मग माणूस मोटरला दोष देत बसतो.

ब्रेकबद्दल थोडक्यात. तुमचा सरासरी वेग १८ वरून २५ वर गेला आणि सात किलो वजन वाढले की थांबवायची ऊर्जा दुपटीहून किंचित जास्त होते. व्ही-ब्रेक पुरेल, पण नवे पॅड आणि नव्या केबली टाकूनच मोटर जोडा, आणि रिमची कड झिजून खोलगट झाली असेल तर ते चाक तसेही जायला आलेले आहे.

चढावरचा

एक वेगळे मत नोंदवतो. चढच जर मूळ दुखणे असेल तर क्रँकला बसणारी मध्य-मोटर का नाही? ती तुमच्या सायकलच्या गिअरमधून जोर देते, त्यामुळे चढावर खालचा गिअर टाकला की मोटर तिच्या आवडत्या फेऱ्यांवरच फिरत राहते आणि वर सांगितलेली तापण्याची भानगड उरतच नाही. वजन सायकलच्या मधोमध आणि खाली येते, दोन्ही चाके साधीच राहतात, पंक्चर काढणे पूर्वीसारखेच. मी स्वतः १० ते १२ टक्क्यांचे चढ रोज चढतो आणि हब मोटरवर परत जाण्याचा विचारही करणार नाही. बॉटम ब्रॅकेट, म्हणजे सांगाड्यातली क्रँकची बैठक, ६८ किंवा ७३ मिलिमीटर रुंदीचा, आट्यांचा असेल तर ती दुपारभरात बसते.

किंमत मात्र साखळीला मोजावी लागते, हे लपवत नाही. पायांचा आणि मोटरचा, दोघांचा जोर एकाच साखळीवरून जातो. गिअर बदलताना क्षणभर पाय सैल सोडायची सवय लावावी लागते, नाहीतर साखळी दात ओरबाडत चढते. साखळी किती लांबली ते मोजण्याची पट्टी मी कायम जवळ ठेवतो.

वॅटमीटर

१२ टक्क्यांसाठी तुमचे म्हणणे शंभर टक्के बरोबर आहे आणि तिथे मीही हब मोटर सुचवणार नाही. पण प्रश्नकर्त्यांच्या २४ किलोमीटरमध्ये ८०० मीटर चढ आहे. उरलेल्या २३ किलोमीटरसाठी साखळी, दाते आणि गिअर झिजवत राहणे मला पटत नाही. त्यात त्यांनी क्रँक कधी उघडलेला नाही. पहिल्याच वेळी साखळी तुटली तर मध्य-मोटरवाला जागीच अडतो, हबवाला तुटलेली साखळी खिशात घालून थ्रॉटलवर घरी येतो. निर्णय चढाच्या खऱ्या मोजमापावर ठेवावा. तो ६ आहे असे मी गृहीत धरले आहे, मोजलेला नाही. फोनमधल्या उंचीवर भरवसा ठेवू नका, इतक्या कमी अंतरात ती सहज फसवते. एक मीटर लांबीची सरळ पट्टी आणि पाणसळ घेऊन जा.

रोजचा सायकलस्वार

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी सकाळी पट्टी आणि पाणसळ घेऊन चढावर गेलो. पट्टीचे एक टोक रस्त्यावर टेकवायचे, पाणसळीतला बुडबुडा मध्ये येईपर्यंत दुसरे टोक उचलायचे आणि त्या टोकाखालचे अंतर मोजायचे. जितके सेंटिमीटर तितके टक्के. येणारे-जाणारे काय म्हणत असतील ते असो. दहा ठिकाणी मोजले: बहुतेक ठिकाणी ५ ते ६.५ आणि मधल्या वळणावर शंभरएक मीटर ९. वळणावर १२ किलोमीटर वेगाने चढायचे तर वरच्याच पद्धतीने मला साधारण ३३० वॅट दिसतात. त्यातले १३० मी दिले तर पुन्हा मोटरला २०० च उरतात. तेव्हा मागच्या चाकातली गिअरवाली २५० वॅट मोटर, ३६ व्होल्ट आणि १५ अँपिअरचा कंट्रोलर, इथवर मी आलो आहे. मागचे अंतर १३५ मिलिमीटर भरले. पुढच्या चाकाचा विषय संपला. तो उडालेला ओठ डोळ्यांपुढून जात नाही.

बॅटरी कॅरियरवर ठेवू नये असे इतरत्र वाचले म्हणून सांगाड्यातल्या जागेसाठी पुठ्ठ्याचा साचा कापून पाहिला. ३७ सेंटिमीटर लांब आणि ११ उंच असा पुठ्ठा खालच्या तिरक्या नळीवर बसतो, पण बॅटरी किल्लीने सोडवून वर सरकवायला जागा उरत नाही. दांडीखाली दोन बोटेच मोकळी राहतात. शिवाय तीन प्रश्न आहेत. एकाकडे वापरलेली ४८ व्होल्टची बॅटरी स्वस्तात मिळते आहे, ती घ्यावी का? सुट्या सेलची बॅटरी स्वतः जोडण्याइतके झाळकाम मला येते, तो मार्ग कसा? आणि थ्रॉटल नको म्हटले तर पायडल मारताच मोटर चालू करणारा सेन्सर कोणता घ्यावा?

सेलमोजणी

मी बॅटरीपुरतेच बोलेन. दोन्ही प्रश्नांना उत्तर एकच आहे: पहिल्या सायकलसाठी नको.

३६ व्होल्टची बॅटरी म्हणजे एकापुढे एक असे दहा गट. प्रत्येक लिथियम-आयन सेल भरल्यावर ४.२ व्होल्टवर असतो, म्हणून पूर्ण भरलेली बॅटरी ४२ व्होल्ट दाखवते आणि चार्जरवरही ४२ छापलेले असते. ४८ व्होल्टच्या बॅटरीत असे तेरा गट असतात आणि तिचा चार्जर ५४.६ व्होल्टचा असतो. दोन्ही चार्जरना एकसारखी पिन असणे अशक्य नाही. घरात दोन प्रकारचे चार्जर आले की एखाद्या झोपाळू रात्री चुकीचा लावला जाणार, आणि मग सगळी भिस्त आतल्या बीएमएस नावाच्या संरक्षक पाटीवर. वापरलेल्या बॅटरीत त्या पाटीची आणि गटांची अवस्था बाहेरून कळत नाही. तेरापैकी एक गट अशक्त झाला तरी एकूण व्होल्ट ठीक दिसतात. चढावर मात्र तो गट आधी तळ गाठतो आणि बीएमएस सगळी वीज तोडते. तुमच्या बाबतीत ती वीज नेमकी ९ टक्क्यांच्या वळणावर जाईल.

सेल झाळायचे नसतात, त्यांना निकेलची पट्टी स्पॉट-वेल्डिंगने जोडायची असते. झाळणीची उष्णता थेट सेलच्या आतल्या पडद्यापर्यंत जाते आणि तिथे झालेली इजा त्या दिवशी दिसत नाही. चांगल्या हातालाही हे लागू आहे. तयार बॅटरीच घ्या आणि तिची यूएल २२७१ किंवा ईएन ५०६०४-१ या मानकांनुसार चाचणी झाली आहे का ते विचारा. सेल कोणाचे आणि किती, हे न सांगणाऱ्या विक्रेत्याकडून घेऊ नका. १३ अँपिअर-तासांची बॅटरी बहुधा २.६ अँपिअर-तासांचे ५० सेल, दहा गटांत पाच-पाच, अशी असते. १५ अँपिअरचा कंट्रोलर जोडल्यावर प्रत्येक सेलवर ३ अँपिअर येतात. बीएमएस सतत २० अँपिअर झेपणारी असली की पुरे.

रोजच्या वापरात दोनच सवयी लावा. २ अँपिअरच्या चार्जरने ही बॅटरी रिकामी झाल्यापासून भरायला साडेसहा-सात तास लागतात, पण रोज निम्मीच उतरत असल्याने तुम्हाला तीन-चार तास पुरतील. ते तास तुम्ही जागे असतानाचे असावेत आणि बॅटरीजवळ पडदे, कागद, गादी नसावी. उन्हातून आलेली गरम बॅटरी लगेच लावू नका, तासभर निवू द्या. आणि गोठणबिंदूखालच्या थंडीत भरू नका, कारण तेव्हा लिथियम ऋणाग्राच्या आत शिरण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावर धातूरूपाने साचते आणि ते नुकसान भरून येत नाही. महिनाभर सायकल चालणार नसेल तर बॅटरी अर्धी भरलेली ठेवा.

जागेबद्दल म्हणाल तर वर न सरकता कुशीवरून बाहेर निघणारी पेटीही मिळते. पुठ्ठ्याचा साचा सोबत घेऊनच खरेदीला जा. बाटलीच्या दोन ५ मिलिमीटर स्क्रूंवर तीन किलो लटकवायचे असल्यास नळीभोवती एक रुंद पट्टाही आवळा.

आऊट काढणारा

सेन्सरचे मी सांगतो. साधा सेन्सर म्हणजे क्रँकच्या दांड्यावर बसणारी बारा चुंबकांची चकती आणि तिच्याकडे तोंड केलेले लहानसे बोंड. त्याला पाय फिरतात एवढेच कळते, जोर किती ते कळत नाही. त्यामुळे पायडल थांबवल्यावरही मोटर अर्धा-एक सेकंद रेटत राहते. गर्दीत तो एक सेकंद फार मोठा असतो. म्हणून ब्रेकच्या मुठीत मोटर तोडणारा स्विच असायलाच हवा. जोर ओळखणारा टॉर्क सेन्सर मिळत असेल तर खर्च करा, सायकल सायकलसारखीच वाटते. मात्र दोन्हींसाठी तुम्हाला क्रँक उघडावा लागेल. क्रँक ओढून काढणारे साधन, म्हणजे क्रँक-पुलर, आणा, आणि त्याचे आटे क्रँकमध्ये शेवटपर्यंत गेल्याशिवाय दांडा फिरवू नका. अर्धवट आट्यांवर जोर दिला की क्रँकचेच आटे बाहेर येतात. चकतीवर दिशेचा बाण असतो, तो पाहून बसवा. चकती आणि सेन्सर यांत दोन-तीन मिलिमीटरच फट ठेवा. पहिल्याच दिवशी 'मोटर मेली' म्हणून हताश होणाऱ्यांत उलटी बसलेली चकती फार वेळा सापडते.

तारांचे एक पथ्य आहे. मोटरची तार एक्सलच्या टोकातून बाहेर येते, तिला आधी खाली झोल देऊन मग वर न्या. पावसाचे पाणी तारेवरून ओघळत त्या झोलाच्या तळाशी थेंब होऊन गळते, एक्सलच्या आत जात नाही. कंट्रोलरही तारांची बाजू खाली करूनच बांधा. तार ज्या बाजूने निघते त्या बाजूवर सायकल पडू देऊ नका.

आणि रस्त्यावर पंक्चर होईल त्या दिवसासाठी तयारी ठेवा. मागचे चाक आता झटक्यात निघणार नाही. बहुतेक मोटरींच्या नटांना १८ मिलिमीटरचा पाना लागतो, तो पिशवीत हवा. टॉर्क आर्मचा स्क्रू खोलण्याची चावी हवी, तारेची जोडणी सोडवण्यासाठी कापलेल्या बांधपट्ट्यांच्या जागी नव्या तीन-चार हव्यात. घराबाहेर पडण्याआधी अंगणात एकदा चाक काढून, ट्यूब बदलून, परत बसवून पाहा. वायसर कोणत्या क्रमाने होते त्याचा फोटो काढून ठेवा.

रोजचा सायकलस्वार

वापरलेल्या बॅटरीवाल्याला 'नको' असे कळवले. कुशीवरून निघणाऱ्या पेटीची मापे मागवली आहेत; पुठ्ठ्याचा दुसरा साचा कापून ठेवला आहे. पुलर आणि फ्रीव्हीलचे साधन आले. काल मोटर नसतानाच तालीम म्हणून मागचे चाक काढून बसवले, तेव्हा चाळीस मिनिटे लागली आणि एक वायसर उरले. आज पुन्हा करतो.